भिंतीआडचा कौल

खोलीला खिडकी नव्हती. मुद्दामच ठेवली नव्हती. बाहेर मैदानात उमेदवार एकेक करून सभेसमोरून मुकाट्याने चालत जायचे, लोक ओरडायचे, आणि आत कोंडलेल्या तिघा पंचांनी नुसत्या कानांनी ठरवायचं, कोणासाठी आवाज मोठा झाला. कोण कितवा चालणार हे सोडतीने ठरे. पंचांना फक्त क्रमांक कळे. राजालाही जाब विचारणारे पाच अधिकारी, म्हणजे एफोर, स्पार्टात असेच निवडले जात.

तिघांपैकी एक होता प्रातोलास. त्याच्या मुलावर, लाक्रातेसवर, लढाईत ढाल टाकून पळाल्याचा आरोप होता आणि खटला नव्या एफोरांपुढे चालणार होता. उमेदवारांत दामिस होता, प्रातोलासच्या पंगतीतला जुना सोबती. तो पोराला सांभाळून घेईल. आणि ऑर्थोनही होता. पळपुट्याची अर्धी दाढी भादरून त्याला गावभर फिरवावं, असं तो उघड बोलायचा. तरी प्रातोलासला पंचांतून वगळावं असं कुणाला वाटलं नव्हतं. बाहेर कोण चालतंय तेच कळत नाही, तर माणूस बाजू घेणार कशी?

पहिला गेला. जेमतेम गलका झाला.

"याच्यापेक्षा माझी शेळी बरी ओरडते," म्हातारा तिमानोर म्हणाला.

"कान इकडे ठेव," दुसरा पंच एऊथेआस म्हणाला. "तोंड नंतर चालव."

तिसऱ्याला आवाज उठला तो एकदम, रुंद, छातीवर आदळणारा. छपराची माती तिमानोरच्या टकलावर पडली. पुढच्या तिघांना त्याहूनही मोठा आवाज झाला; त्यांच्याबद्दल वाद नव्हता. मग सातवा.

सातव्याचा आवाज एकदम उठला नाही, मागेपुढे सुरू झाला. आणि त्यात एक गळा होता, शेवटाला चिरकणारा, बाकीचे थांबले तरी न थांबणारा. प्रातोलासने भिंतीला कान लावला. हा गळा त्याच्या पोराचा, लहानपणापासून ऐकलेला. तिशीआधी सभेत बसता येत नसे; लाक्रातेस यंदाच तिशीचा झाला होता, सभेत ओरडण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

म्हणजे सातवा दामिस.

शेवटचा उमेदवार गेला. चार जागांवर तिघांचं एकमत झालं. पाचवी अडली.

"तिसरा," तिमानोर म्हणाला. "माझ्या डोक्यावर पुरावा आहे."

"तिसऱ्याचा लवकर विरला. सातव्याचा टिकला," एऊथेआस म्हणाला. "टिकण्याला काही किंमत आहे की नाही?"

"मोठा कुणाचा ते विचारलंय, लांब कुणाचा ते नाही."

दोघांनी प्रातोलासकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, तिसऱ्याचा मोठा होता. ते मोजायला कानही लागत नव्हते, छातीच पुरत होती.

"सातवा," तो म्हणाला.

तिमानोरने डोक्यावरची माती झाडली. "तुझे कान, तुझी जबाबदारी."

दार उघडलं तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. प्रातोलास डोळे किलकिले करून उभा राहिला. पाच निवडलेले रांगेत होते. शेवटचा, जाडजूड मानेचा, ऑर्थोन होता. दामिस गर्दीतून घराकडे निघाला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

लाक्रातेस बापाला शोधत आला. घसा बसला होता त्याचा.

"तू कोणासाठी ओरडलास?" प्रातोलासने विचारलं.

"ऑर्थोनसाठी."

"वेड लागलंय तुला?"

"दामिसकाकांनी सोडलं असतं, तर लोक म्हणाले असते, बापाच्या दोस्ताने सोडलं. जन्मभर कुणी माझ्या शेजारी जेवायला बसलं नसतं. मी ढाल टाकली नव्हती, बाबा. पट्टा तुटला होता. हे ऑर्थोनने ऐकलं आणि मला सोडलं, तर कुणाची बोलायची हिंमत नाही."

"आणि नाही ऐकलं तर?"

लाक्रातेसने खांदे उडवले. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, ऑर्थोन पडणार. तिसरे दामिसकाका चालले, तेव्हा केवढा आवाज झाला. आमचा खरंच मोठा होता ना, बाबा? आत तुम्हीच होतात."

पोरगा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिमानोर दोन पावलांवर उभा राहून ऐकत होता.

"होता," प्रातोलास म्हणाला.