स्वल्पविरामाच्या पुढचं

गेम कंपनीतले जुने लोक त्याला स्वल्पविराम म्हणायचे, कारण एका स्वल्पविरामापायी तो अर्धा दिवस भांडू शकायचा. एकवीस वर्षांपूर्वी ‘लिफ्ट बंद आहे’ या व्हिडिओ गेमचे सगळे संवाद त्यानं लिहिले. तेव्हा त्या गेमला कुत्र्यानंसुद्धा हुंगलं नाही. आता त्याचे मेळावे भरतात, लोक पायपुसण्याचा वेश करून नाचतात आणि स्वल्पविराम वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहितो. ‘झाकण लावल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही.’ तिथं निदान वाक्य पुरं छापतात.

गेम तसा साधा आणि तितकाच येडपट. चाळिसाव्या मजल्यावरच्या पोरानं जिना उतरून लिफ्टवाल्याला शोधून आणायचं. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत. वाटेत पिसाळलेली वॉशिंग मशीन, अंगावर धावून येणारी पायपुसणी, आणि सत्ताविसाव्यावर एक बंद दार, जे आतून नुसतं खोकतं. लढायला तीनच हत्यारं: टोमणा मार, गप्प बस, विषय बदल. संयम संपला की पोरगं रडत पुन्हा चाळिसाव्यावर.

अगदी सुरुवातीला पोराची आई दिसते. पाठमोरी, ओट्याशी. पडद्यावरच्या चौकटीत तिचं वाक्य उमटतं: ‘जातोस तर जा. परत ये म्हणणार नाही मी,’

बस्स. चौकट मिटते, दार लागतं.

आता ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल की शेवटी स्वल्पविराम आहे. म्हणजे पुढं काहीतरी आहे. होतंच! पुढच्या चौकटीत त्यानं लिहिलं होतं: ‘असलं म्हणावं लागतं का? घर तुझंच आहे.’ चौकटींना क्रमांक देताना प्रोग्रामरनं एक आकडा गाळला आणि अर्धी आई गायब झाली. कळलं तेव्हा डिस्क दुकानांत पोचल्या होत्या.

आणि लोकांनी नेमकं तेच अर्धं वाक्य डोक्यावर घेतलं. कपांवर छापलं, बनियनवर छापलं, एका बाबानं दंडावर गोंदवून घेतलं. एकानं त्या स्वल्पविरामावर चाळीस पानी लेख पाडला: हा म्हणे निष्ठुर आईच्या घशात अडकलेला हुंदका. यानं स्वतः लेखाखाली लिहिलं, ‘अहो, हुंदका नाही, चूक आहे.’ उत्तर आलं, ‘लेखकाला स्वतःचं लेखन कळतंच असं नाही.’ त्या दिवशी त्यानं घरातलं एक स्टूल लाथेनं मोडलं.

कारण ती आई काही हवेतली नव्हती. बाविसाव्या वर्षी भांडून तो घर सोडून निघाला तेव्हा त्याची स्वतःची आई हेच बोलली होती. आणि आता जगभरची पोरं तिला दगड समजत होती. त्याच्यामुळे.

म्हणून गेमची नवी आवृत्ती निघतेय म्हटल्यावर तो नव्या कंपनीच्या दारात जाऊन बसला. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला प्रकल्पप्रमुख भेटली. तिशीची, गळ्यात हेडफोन, हातात कॉफीचा कप. कपावर काय छापलेलं असणार?

“सर, तुम्ही आमचे देव आहात,” ती म्हणाली.

“देवाचं कोण ऐकतं? ती चौकट परत टाका.”

“ती नाही टाकता येणार.”

“का? तांत्रिक अडचण आहे?”

“नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण सर, त्या वाक्यावर तर गेम उभा आहे.”

“तो अर्ध्या वाक्यावर उभा आहे! लंगडा!”

“लोकांना लंगडाच आवडतो.” तिनं कप शांतपणे खाली ठेवला. “मी आठ वर्षांची असताना ते वाक्य पाहून घाबरले होते. आमच्या घरी सगळे गोड बोलायचे आणि कुणी खरं बोलायचं नाही. ही पहिलीच आई मला खरी वाटली.”

“अहो, खरीच आहे ती! माझी आई आहे! ती पुढचंही बोलली होती!”

प्रमुखनं कपावरच्या वाक्याकडे पाहिलं. “त्या आहेत अजून?”

“आहे. ठणठणीत.”

“मग विचारा त्यांना. त्या म्हणाल्या की पुढचं वाक्य त्यांचं आहे, तर टाकते मी. शब्द देते. पण पाचच्या आत फोन करा, पाचला गेम कुलूपबंद होणार, मग अक्षरही बदलता येणार नाही.”

तो जिन्यानंच खाली पळाला. लिफ्ट खरोखर बंद होती. त्याला हसूसुद्धा आलं नाही.

घरी आई शिलाई मशीनशी बसली होती, कुणाच्या तरी पँटचा काठ दुमडत. तोंडात टाचण्या. तो आत आला तशी तिनं मान वर न करता पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला आणि धापा टाकत त्यानं सगळं सांगितलं. चौकट, आकडा, कप, दंड.

आईनं एकेक टाचणी काढून उशीला टोचली.

“तो गेम शेजारणीच्या नातीनं दाखवला मला. केव्हाच.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? बरोबर तर लिहिलंय.”

“बरोबर? आई, अर्धंच आहे ते! पुढचं गेलंय!”

“पुढचं कुठलं?”

त्यानं म्हणून दाखवलं. थेट ‘घर तुझंच आहे’पर्यंत, एकही विराम न गाळता.

आई त्याच्याकडे बघत राहिली. वेड्या माणसाकडे बघावं तशी. “हे मी म्हणाले?”

“म्हणालीस! नळ चालू होता, तू भांडी घासत होतीस—”

“नळ चालू होता हे खरं. पण इतकं गोड मी तुझ्या बापाशी कधी बोलले नाही, तुझ्याशी काय बोलणार? परत ये म्हणणार नाही, एवढंच म्हणाले मी. रागात होते. पुढचं तू पदरचं घातलंस, शहाण्या.”

“पण तुझ्या मनात तर होतं ना?”

“मनातलं लिहायला तुला सांगितलं कुणी? चार महिन्यांनी तोंड पाडून आलास, तेव्हा दार उघडलं की नाही?”

“उघडलंस.”

“मग? आता ते जगाला कशाला वाचून दाखवायचं?”

त्याला ओरडावंसं वाटलं. एकवीस वर्षं तो ज्या वाक्यासाठी भांडला ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं, आणि ज्या चुकीला तो शिव्या घालत होता तिनंच खरं छापलं होतं. राग काढायचा तरी कुणावर? प्रोग्रामरवर? त्या गाढवानं तर उपकार केले होते.

पाचला दहा मिनिटं होती. खोटं बोलणं सोपं होतं. ‘हो म्हणाली,’ एवढंच. त्यानं फोन लावला. आई समोरच टाचणी हातात धरून बसली होती.

“काय म्हणाल्या?” प्रमुखनं विचारलं.

“आहे तसं राहू द्या,” तो म्हणाला. दात आवळून. “पण मग तिथं पूर्णविराम टाका. पुढं काही नाहीये. स्वल्पविराम चूक आहे.”

“स्वल्पविराम? छे, सर! त्याला हात लावला तर लोक ऑफिस जाळतील.”

“अहो, मी लेखक आहे!”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

“काय म्हणते?” आईनं विचारलं.

“स्वल्पविराम ठेवणार म्हणते.”

“ठेवू दे की,” आई म्हणाली, आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या,