तपासणीआधीचं तेल

आमच्याकडे तपासणी म्हटली की आधी चुना येतो. शाळेची असली की भिंती पांढऱ्या होतात. चारा छावणीची असली की शेजारच्या गावची जनावरं दावणीला येऊन उभी राहतात आणि साहेबांची गाडी वळली की आपापल्या गोठ्यात परत जातात. केजचे आप्पा राजकारणात म्हातारे झाले, पण त्यांच्या हाताखालच्या एकाही तपासणीत कधी काही सापडलं नाही. याचा त्यांना अभिमानही होता. तेव्हा पुढं जे झालं त्यात आप्पांचा दोष किती आणि सवयीचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आप्पांच्या गाडीतलं पाणी ऐन उन्हाळ्यात गळून गेलं आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन जाम झालं. ओढून आणली ती मांजरसुंब्याच्या चौकातल्या वैजिनाथच्या गॅरेजवर. वैजिनाथ आप्पांचा शाळेतला बाकसोबती. घरचं किराण्याचं चांगलं चालतं दुकान भावाला देऊन यानं पाने हातात घेतले, म्हणून घरच्यांनी त्याला बरीच वर्षं वेड्यात काढलं होतं. त्यानं जुनं इंजिन उघडून बघितलं आणि आता यात राम नाही म्हणून सांगितलं. मग त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन आणून, नवे पिस्टन आणि लायनर घालून, स्वतःच्या हातानं बांधून बसवलं.

आप्पांची मुलगी राजनंदिनी पुण्यात आहे. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या वापरलेल्या तेलाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. माणसाचं रक्त तपासतात तसं ती इंजिनाचं तेल तपासते, असं आप्पा लोकांना सांगायचे. गाडी शहरातल्या कंपनीच्या वर्कशॉपला न्या, असं तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं. वैजू असताना कंपनी कशाला, हे आप्पांचं. शेवटी तिनं एक अट घातली. ती दोनदा तेल तपासणार. दुसऱ्या वेळीही तेल वाईट निघालं तर इंजिन शहरात नेऊन उघडायचं, आणि आप्पांनी मध्ये पडायचं नाही.

आता इंजिन शहरात उघडणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. वैजिनाथकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या आप्पांकडे बघून यायच्या. ऊसतोड मुकादमांच्या, ठेकेदारांच्या, दोनचार पुढाऱ्यांच्या. आप्पांचीच गाडी दुसरीकडे उघडली गेली, तर त्या गाड्या कुठल्या तोंडानं मांजरसुंब्याला थांबणार?

पहिला रिपोर्ट आला. लोखंड नेहमीच्या कितीतरी पट, तांबंही जास्त, सिलिकॉनही जास्त. राजनंदिनीनं फोनवर नीट समजावलं. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, म्हणून पहिल्या तेलात धातू उतरतोच. सिलिकॉन धुळीतूनही येतं, पण मग त्याच्याबरोबर अॅल्युमिनियमही वाढलं असतं. ते वाढलेलं नाही, म्हणजे हे सिलिकॉन सांधे बंद करायला लावलेल्या पेस्टचं आहे. लग्न लागल्यावर मांडवात अक्षता सांडलेल्या असतातच. आता पुढच्या तेलात हे आकडे उतरतात का, तेवढंच बघायचं.

एवढं सगळं ऐकून आप्पांच्या डोक्यात राहिलं फक्त लोखंड. त्यांनी बजरंगला, म्हणजे ड्रायव्हरला, विचारलं की इंजिनाचा आवाज येतो का. बजरंग मालकानं विचारलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नाही. तो म्हणाला, येतो थोडा.

झालं. आप्पांचं जेवणावरून मन उडालं. माणूस पुढारी असला तरी मित्रावर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. वैजूचं नाव आपल्या गाडीमुळं जाणार, आणि तेही आपल्याच पोरीच्या हातून, या विचारानं ते आतून खचले. इंजिन चांगलं असेल, हा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नाही.

दुसऱ्या नमुन्याची वेळ जवळ आली तसं त्यांनी बजरंगला काहीतरी काम काढून तहसीलला पाठवलं आणि स्वतः गाडी घेऊन केजच्या स्टँडमागच्या एका गॅरेजात गेले. जुनं तेल काढायला लावलं आणि मिळालं ते नवं भरलं. तेल काळं दिसावं म्हणून आष्टीपर्यंत दोनदा विनाकारण जाऊनही आले. मग निर्धास्त मनानं गाडी वैजिनाथकडे पाठवली. त्या बिचाऱ्यानं स्वच्छ बाटली घेऊन, इंजिन गरम असताना नमुना काढला आणि पुण्याला पाठवून दिला.

राजनंदिनीचा फोन गाडीच्या स्पीकरवर आला तेव्हा आप्पा चांगली बातमी ऐकायला सावरून बसले होते. ती म्हणाली, "आप्पा, हे तेल बाटलीवर लिहिलेत तेवढे किलोमीटर चाललेलंच नाही. काजळी नाही, धातू नाही, आणि मुळात हे दुसऱ्याच कंपनीचं तेल आहे. त्यातली रसायनं वेगळी आहेत. तुमच्या वैजूकाकांनी नमुन्याआधी तेल बदललं."

बघतो म्हणून आप्पांनी फोन ठेवला, खरं काही सांगितलं नाही. 

तिनं वैजिनाथलाही फोन केला. पोरगी उद्धट नाही, काका म्हणूनच बोलली, पण विचारायचं ते विचारलं. त्यानं नाही म्हणून सांगितलं. तिच्या लेखी आता तो लबाड तर होताच, वर खोटं बोलणाराही झाला. गाडी चालवताना आप्पांना आलेला फोन ऐकलेल्या बजरंगनं पुढचं काम केलं. आठवडाभरात मुकादमांच्या गाड्या चौकात न थांबता सरळ जायला लागल्या. कुणी विचारलं तर वैजिनाथ एवढंच म्हणायचा, "आप्पाला इच्यारा, मला तो वळखतो."

हे वाक्य फिरत फिरत आप्पांपर्यंत आलं. दोन दिवस त्यांनी ते पचवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी शेतातून मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.  

"मग काकांची माफी मी मागू की तुम्ही?" तिनं विचारलं.

आप्पा मांजरसुंब्याला गेले. गॅरेजात गिऱ्हाईक नव्हतंच. वैजिनाथ रिकाम्या बाकावर बसला होता. आप्पांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती जरा भाषणासारखी झाली. वैजिनाथनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"कावून केलंस बे?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझं नाव जाऊ ने म्हणून."

"इंजिन बरं हाय आसं वाटलं आसतं, तर तेलाला हात लावला आसता का तू?"

आप्पांनी बाकावर बसायचं मनात आणलं होतं, पण ते उभेच राहिले. आपण मित्राला वाचवत होतो, हे त्यांनी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं होतं की हा साधा हिशेब त्यांना दिसलाच नव्हता. रिपोर्टाच्या आधी, पोरीच्या आधी, सगळ्या तालुक्याच्या आधी वैजूवरचा भरोसा त्यांनीच सोडला होता. त्यांना लाज वाटली. पोरीपासून लपवल्याची वाटली होती त्याहून किती तरी जास्त.

राजनंदिनीनं फोनवर वैजिनाथची रीतसर माफी मागितली. आप्पांनीही गावोगाव जाऊन चूक आपली होती म्हणून सांगितलं. चूक कबूल करणारा पुढारी बघायला मिळाल्यानं लोकांना मौज वाटली, आणि गाड्या हळूहळू चौकात परत थांबायला लागल्या. मधल्या काळात पहिल्यासारखं तेल भरून, तेवढीच गाडी चालवून तिसरा नमुना गेला. या वेळी तेलाला कुणी हात लावला नाही. लोखंड खाली आलं होतं, तांबंही, आणि सिलिकॉन नावापुरतं उरलं होतं. इंजिन उत्तम बांधलंय, असं राजनंदिनीनं खाली स्वतः लिहिलं.

आप्पांनी तो कागद छापून घेतला आणि स्वतः गाडी चालवत गॅरेजवर नेला. वैजिनाथ एका जीपखालून बाहेर आला. हात पुसले, आतून खुर्ची आणून फडक्यानं झटकली आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

"बसा आप्पा," तो म्हणाला.

आप्पा दचकले. तालुका आप्पांना बसा म्हणायचा, वैजू मात्र शाळेपासून बस बे म्हणत आला होता. त्यांनी घाईघाईनं कागद पुढं केला. बघ, पोरीनं काय लिहिलंय बघ, म्हणाले. वैजिनाथनं कागद हातात घेतला नाही.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला कुठं शंका हुती?"