हिराच्या नावाची परात

मित्रांनो, तुमच्या घरातल्या भांड्यांवर नावं घातलेली तुम्ही पाहिली असतील. माझ्यावरही एक नाव आहे. ते काठावर नाही, मधोमध पोटात आहे. मी एक लहान परात आहे, स्टीलची, आता जुनी झालेली. माझ्या बाबतीत जे घडलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. तरी सांगते.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते नीट आठवत नाही. मोठा आवाज झाला आणि सपाट पत्र्याला काठ आला, एवढंच. खरी आठवण आहे ती बोईसरच्या भांड्यांच्या दुकानाची. तिथे हिरा आली. ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, लग्न होऊन नुकतीच सालवडला राहायला आलेली. बरोबर नवरा होता, पुंडलिक. त्याने बोटीवर जाणं सोडून कुंभवलीच्या बाजूला कारखान्यात काम धरलं होतं. हिराने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच."

"नाव कुठं घालू?" दुकानदाराने विचारलं.

"मधी घाला."

"मधी कशाला?" पुंडलिक म्हणाला. "रोज पिठाखाली जाईल तुजं नाव. कुणाला दिसनार बी नाय."

"पीठ उचललं की दिसंल की. तुमाला वाचता येतं ना? मग झालं."

दुकानदार हसला. त्याने यंत्र लावलं, फार झोंबलं मला. पण 'सौ. हिरा पुंडलिक' एवढी अक्षरं पोटात उमटली आणि मी कुणाची तरी झाले.

मग कामाची वर्षं सुरू झाली. रोज सकाळी माझ्यात तांदळाचं पीठ पडायचं, त्यावर गरम पाणी, आणि मग हिराचे हात. मळताना तिच्या बांगड्या काठावर वाजायच्या. भाकऱ्या झाल्या की ती सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. पुंडलिक डबा घेऊन कामावर. त्यांची मुलगी दिशा लहान असताना माझ्यावर डाव बडवायची. तीच दिशा सासरी गेल्यावर एकदा आईसाठी नवी मोठी परात घेऊन आली. तेव्हा काही दिवस मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हिराने नवीत पीठ मळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हिच्यात हात फिरत नाय," म्हणाली, आणि मला परत खाली घेतलं.

शेजारच्या घरात परदेशातून आलेलं एक कुटुंब राहायचं. नवरा मिशनच्या दवाखान्यात काम करायचा. बायकोचं नाव लिडिया, घरात लहान मुलं. ती मराठी हिराकडून शिकली, म्हणून बोलायचीही हिरासारखीच. गोरी बाई "नाय वो ताई" म्हणाली की बाजारातले लोक वळून बघायचे.

हिराने पहिल्यांदा तिच्याकडे भाकरी आणि बोंबलाची चटणी पाठवली, ती माझ्यातूनच. दुसऱ्या दिवशी लिडिया मला लख्ख घासून घेऊन आली. हिरा दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रिकामी?"

लिडिया गोंधळली. "धुतली हाय ताई. साबणानं."

"अगं बाय माजे, भांडं कदी रिकामं देतात काय कुणाला? मागं जा. चिमूटभर साखर तरी घालून आन. रिकामी आनशील तर मी घेनार नाय!"

लिडिया तशीच पळत घरी गेली आणि साखर घालून आली. पुंडलिक आतून म्हणाला, "त्या बाईला कशाला ताप देते?" हिरा म्हणाली, "शेजारीन हाय ती माजी. शिकाया नको?" त्यानंतर मी त्या घरून कधी रिकामी आले नाही. कधी दोन केळी, कधी मूठभर शेंगदाणे.

एकदा लिडिया फोनवर तिच्या आईशी बोलत होती आणि मला घेऊन आलेल्या हिराने मधेच डोकं घातलं. पलीकडे त्या आजीबाईंनी आपण भाजलेला चॉकलेटचा 'पाय', म्हणजे कडक पारीत भरलेला गोड पदार्थ, फोनसमोर धरला होता.

"काळाकुट्ट हाय गं! जळला काय?"

"नाय वो ताई, चॉकलेट हाय. आई येनार हाय आमच्याकडं. मग तुमाला करून देईल. तुमच्या या परातीतच करू, काठ कसा बरोबर हाय."

"मग ठेव परात तुज्याकडं. तवर मी नवीत मळीन. आता आईच्या हातचं घालूनच आन. घाई नाय."

घाई नाही, असं हिरा म्हणाली होती. मी लिडियाच्या फळीवर राहिले आणि वाट बघू लागले.

मित्रांनो, भांड्यांना बाहेरचं काही कळत नाही. एके सकाळी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. लिडिया धावत गेली. ती परत आली तेव्हा तिचे केस ओले होते, आणि ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली. मला वाटलं, मुलांचं काही झालं असेल. मग काही दिवसांनी समोरच्या इंदुबाई दारात आल्या. लिडियाने त्यांना हळूच विचारलं, "मावशी, हिराताईची परात माज्याकडं हाय. तिच्यात कायतरी गोड करून देऊ का?"

"येडी का काय? अजून दहावं नाय झालं तिचं. मेलेल्या मानसाच्या घरात गोड नेतात काय?"

तेव्हा मला कळलं. पाटी डोक्यावर घेताना हिराच्या छातीत कळ आली होती, आणि ती दारातच बसली ती उठलीच नाही. तिच्या आणि माझ्यामधे फक्त एक भिंत होती. मला वाटत होतं, तिचे हात माझी वाट बघत आहेत.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ऐकली. इंदुबाई जाता जाता म्हणाल्या, "पुंडलिक त्या परातीपायी येडा झालाय. सगळं घर उलटं केलं. मयताच्या गर्दीत कुनी नेली म्हनतो. तू देऊन टाक ना!"

"कशी देऊ?" लिडिया म्हणाली. "रिकामी आनली तर घेनार नाय म्हनाली होती."

"आता कोन हाय घ्यायला?"

लिडियाने मला फळीवर आणखी आत सरकवलं.  तिला मला भरून नेता येत नव्हतं आणि रिकामी नेववत नव्हतं. पलीकडे तो माणूस मला शोधत होता.

मग तेरावं झालं, त्यानंतर लिडियाची आई आली. लिडियाने मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि नावावर बोट ठेवून काहीतरी सांगितलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण मधे मधे 'हिरा' ऐकू येत होतं. आजीबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचावा तसं कमरेला फडकं बांधलं.

त्या दुपारी माझ्यावर जे गुदरलं ते कुठल्या परातीवर गुदरलं नसेल. मैदा आणि थंडगार लोणी, पाणी जेमतेम. माझ्यात मळायचं सोडून ओट्यावर लाटलं आणि ती पोळी माझ्यावर पसरली. मग तिला काट्याने भोकं पाडली. वर कागद, कागदावर कच्चे छोले ओतले! मी म्हटलं, यांचं डोकं फिरलं. आणि मग मला विजेच्या भट्टीत ठेवून दार लावलं. जन्मात मी विस्तवावर चढले नव्हते. काठ तापले, अंगातून कटकट आवाज निघाला. हिराचं नाव जळून जाईल अशी भीती वाटली. बाहेर आले तर छोले काढून टाकले, त्यांच्या वजनाखाली पोळी न फुगता कडक झाली होती. मग दूध, साखर, अंड्याचा बलक, कोको, चिमूटभर मीठ, असं आटवून त्यात ओतलं. काळं, जाड, चकचकीत. नाव पार खाली गेलं.

संध्याकाळी लिडियाने मला दोन्ही हातांत धरलं. आई तिच्यामागून आली. पुंडलिकने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात कामावरचाच शर्ट. माझ्यात काय आहे ते त्याने बघितलंच नाही. त्याने माझा काठ ओळखला.

"ही कुठं होती?"

"माज्याकडं, भाऊजी."

"तुज्याकडं?" त्याचा आवाज चढला. "मी माळा उतरवला. पोरीवर वरडलो, तू नेली म्हनून! भिंतीपलीकडं होती, आनि तू बोलली नाय?"

त्याने मला हिसकावून घेतलं. मग आतलं काळं दिसलं. "हे काय घातलंय हिच्यात?" तो मोरीकडे वळला आणि त्याने मला तिरकं केलं. काठावरचा एक तुकडा मोरीत पडला. दारात इंदुबाई आल्या होत्या, त्याही "अरे पुंडलिक!" एवढंच म्हणाल्या. आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

लिडिया पुढे झाली. रडत म्हणाली, "हिराताई बोलली होती, आईच्या हातचं घालूनच आन. रिकामी आनशील तर घेनार नाय, बोलली होती."

पुंडलिकने मला सरळ धरलं.

"घेनार नाय," तो म्हणाला. "असंच बोलायची. मला बी. रिकाम्या हातानं घरी आलात तर दार उघडनार नाय, बोलायची." तो हसला, आणि हसता हसता मोरीच्या कट्ट्यावर बसला. मी त्याच्या मांडीवर. त्याचे डोळे माझ्यात गळत होते.

"खा रे," इंदुबाई म्हणाल्या. "तेराव्याला गोड केलं ते तू शिवला नाय. आता भायेरच्यानं आनलंय. खा."

त्याने चमचा मागितला नाही. बोटांनीच तुकडा मोडला. पहिला घास घेऊन म्हणाला, "कडू हाय जरा." मग दुसरा घेतला. आजीबाई त्याच्यासमोर खाली बसल्या. मधला भाग संपला तेव्हा 'हिरा' दिसलं. त्याने अंगठ्याने ते पुसलं आणि मोठ्याने वाचलं. मग सगळ्यांना एक एक तुकडा दिला.

आता पुंडलिक स्वतः माझ्यात पीठ मळतो. पाणी जास्त घालतो, भाकरी तुटते. बांगड्या वाजत नाहीत. पीठ उचललं की तो थोडा वेळ थांबतो, नाव बघतो, आणि मग तवा ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या फळीवर कुणाचं भांडं असेल तर आज उठा आणि देऊन या. काहीतरी चांगलं करून मगच देऊ, असं म्हणत थांबू नका. त्या दिवशी मला पुंडलिकच्या हातात दिलं. द्यायचं हिराच्या हातात होतं. चिमूटभर साखर पुरली असती. तिनेच सांगितलं होतं.