जबड्यावरचं झाकण

तिने उकळतं पाणी कपाऐवजी सिंकमध्ये ओतलं आणि किटली पुन्हा भरली.

खडी फोडणाऱ्या यंत्राला जबडा असतो. कामगार त्याला जबडाच म्हणतात. त्याच्यासमोर बसून जेवायचं नाही, एवढा एक नियम सगळे पाळतात.

“माझे प्राधान्याचे विषय तीन.” आरशासमोर. मग बोटांवर मोजत, “चार.” मग पुन्हा, “तीन.”

वडील कामावरून आले की दारातच आधी धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया झटकायचे. भुवया काळ्या झाल्या की ते घरात आले, असं पोरं समजत.

फोन ओट्यावर पालथा.

“चला, खासदारबाई, बसा समोर,” दादा म्हणाला. “कॅमेरा सुरू आहे.”

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासूनची ही रीत. कुठेही बोलायला जायचं असलं की आधी दादासमोर बोलायचं, आणि त्याने जमेल तितकं छळायचं. तेव्हा तो परीक्षक व्हायचा, आज तिची टीव्हीवर मुलाखत होती म्हणून मुलाखतकार. हातात चमचा, तो माइक. वडील ज्या क्रशरवर होते त्याच क्रशरवर तो अजून कामाला होता आणि काल संध्याकाळी न कळवता आला होता. कसा काय, असं तिने विचारलं तर म्हणाला, सहज.

“आपली पार्श्वभूमी?”

“वडील खडी क्रशरवर मजूर. आई शिवणकाम करायची. मी रात्रशाळेत शिकून...”

“रात्रशाळा भावाची. तू दिवसाच्या शाळेत होतीस, डबा घेऊन. पकडतील.”

“बरं. दिवसाच्या.”

“वडील कशाने गेले?”

“धुळीने. फुप्फुसं दगड झाली होती.”

“हे जरा सावकाश म्हण. याच्यावर तर निवडून आलीस.”

ती हसली नाही. उठली, खिडकी लावली, उघडली, परत येऊन बसली.

“प्राधान्याचे विषय?”

“रस्ते, मुलींची वसतिगृहं, रोजगार.”

चमचा तिच्या तोंडासमोर तसाच राहिला.

“आणि धूळ?”

प्रचाराच्या एकाही सभेत धुळीचा विषय सुटला नव्हता. कामगारांच्या आरोग्याच्या विधेयकाला ती एक दुरुस्ती सुचवणार होती, कलम सात: ज्या यंत्रावर झाकण आणि पाण्याचा फवारा नाही त्याचा परवाना रद्द. गेल्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने ते खोडलं. दुरुस्त्या द्यायची मुदत आज संपत होती. हे सगळं तिने दादाला एका दमात सांगितलं.

“कुणी काढायला लावलं?”

“कुणी नाही.”

“खाणवाल्याचा फोन आला असेल.”

“नाही ना आला!” ती एवढ्या जोरात म्हणाली की दादाने चमचा खाली ठेवला.

प्रचाराच्या गाड्या, फलक, सभागृहांची भाडी, यांतला मोठा वाटा खाणवाल्याचा होता. सगळं चेकने, पावतीसकट, नियमात बसणारं. निकाल लागल्या दिवसापासून ती त्याच्या फोनची वाट पाहत होती. त्याला द्यायचं उत्तर तिने अंघोळ करताना घोकलं, गाडीत घोकलं: साहेब, तुमचे उपकार आहेत, पण इथे मी तुमचं ऐकणार नाही. फोन आला नाही. एका समारंभात भेटला तर तिच्या गुडघ्याची चौकशी करून जेवायला निघून गेला. कलमाचं नावही नाही. हे असं किती दिवस चालायचं? शेवटी एका दुपारी तिने पेन उचललं. त्यानंतर दोन दिवस झोप बरी लागली.

“म्हणजे चोर यायच्या आधीच,” दादा म्हणाला, “तू दार उघडून, दिवा लावून, वर चहा टाकून बसलीस.”

फोन वाजला. तिने तो सुलटा केला आणि भावाकडे पाहिलं.

“स्पीकरवर टाक,” तो हळूच म्हणाला.

“ताई, कलम सात गळालं म्हणे?” खाणवाल्याचा आवाज नेहमीसारखाच अघळपघळ.

“हो. म्हणजे, तुमचाच विचार करून...”

“माझा?” तो मनापासून हसला. “अहो, माझ्या सगळ्या यंत्रांवर झाकणं केव्हाच बसली. आता बाकीच्यांनीही बसवावीत की. हे बारके लोक उघड्यावर स्वस्तात खडी काढतात आणि माझं गिऱ्हाईक पळवतात. कलम आलं तर निम्मे बंद पडतील. म्हणून तर तुमच्यामागे उभा राहिलो. म्हटलं, बाई शब्दाची पक्की दिसते.”

गुडघ्याची चौकशी करून त्याने फोन ठेवला.

ती ओट्यापासून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

“घातलं तर त्याचं ऐकलं. नाही घातलं तर त्याच्याच धाकाने खोडलेलं तसंच राहिलं. इकडे आड...”

“तिकडे विहीर. आणि बाईसाहेबांना पोहता येत नाही.”

“तुमच्या क्रशरवर झाकण आहे?”

“नाही.”

“तुमचा मालक बसवेल?”

दादाला खोकला आला. तो उठला, पाणी प्यायला, भांडं विसळून जागेवर ठेवलं. मग फडक्याने हात पुसत राहिला.

“बसवेल. चिवट आहे मेला. आणेल कुठून तरी पत्रे.”

“खरं सांग, दादा.”

“मुलाखत कोण घेतंय? मी. उत्तरं तू द्यायची.”

“कालपासून तुझ्या मनात काहीतरी आहे.”

“तुझी गादी फार मऊ आहे. झोप लागत नाही. बस, एवढंच.”

तो खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. तिने थोडा वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि कार्यालयाला फोन लावला.

“कलम सात परत घाला. हो, होतं तसंच. स्टुडिओतून सरळ सहीला येते.”

दादाने मान वळवली नाही.

स्टुडिओत निवेदिकेने पार्श्वभूमी विचारली, प्राधान्याचे विषय विचारले. तिने या वेळी धूळ पहिली सांगितली, कलम सातसकट. मग हसत हसत, जाता जाता विचारावा तसा प्रश्न आला: प्रचाराचा खर्च कुणी उचलला?

“सगळ्यात जास्त एका खाणमालकाने. या कलमाचा सगळ्यात जास्त फायदाही त्यालाच होणार आहे. तरी मी ते मांडणार आहे. त्याचा फायदा वगळून कामगारांची फुप्फुसं तेवढी वाचतील, असं कलम मला लिहिता आलं नाही.”

निवेदिकेने हातातला कागद उलटला. त्यावर पुढचा प्रश्न रस्त्यांचा होता.

काचेपलीकडे दादा उभा होता. त्याला पुन्हा खोकला लागला. काचेतूनही आवाज येतो म्हणून कुणीतरी दंडाला धरून त्याला बाहेर नेलं.

गाडीत तिने विचारलं, “कशी झाली?”

“रात्रशाळा म्हणाली नाहीस. पास.”

“राहा ना दोन दिवस. छाती दाखवू डॉक्टरला.”

“नको. तिकडे लोक वाट बघतायत,” दादा म्हणाला आणि गाडीची काच खाली घेतली.

कलम सात आलं तर फाटकाला कुलूप लावणार, असं मालकाने सांगितलं त्याच संध्याकाळी क्रशरवरच्या सगळ्यांनी वर्गणी काढून दादाचं तिकीट काढलं होतं, बहिणीला तेवढं एक कलम घालू नको म्हणून सांगून ये, असं बजावून.