मंद आचेवरचं पुडिंग

विश्वास हा संसाराचा पाया आहे, असं तपासनीस प्रत्येक लग्नात नवरदेवाला बाजूला घेऊन सांगत असे. तो नळांच्या कारखान्यात वॉशर तपासायचा. गळका वॉशर त्याच्या नजरेतून सुटला, असं कधी झालं नाही. घरच्या स्वयंपाकघराचं दार मात्र दर रविवारी त्याच्या तोंडावर बंद व्हायचं आणि त्यात त्याला काही वावगं दिसत नसे.

आत व्हॅनिला पुडिंग चाले. बायकोने सांगून ठेवलं होतं की दूध मंद आचेवर, एकाच दिशेने, तासभर ढवळावं लागतं. मध्ये कुणी दार उघडलं, वारा लागला, की संपलं. मदतीला त्याची आई आत असे, कारण हे एकटीचं काम नव्हे. तपासनीस बाहेर चवड्यांवर चालायचा, आलेल्या पाहुण्यांनाही हळू बोलायला लावायचा. बिस्किटांच्या थरावर पुडिंग, वर केळ्याच्या चकत्या, अशी वाटी पुढ्यात आली की ‘याला मनगट लागतं, मनगट’ असं सगळ्यांना ऐकवायचा. जेवणं उरकली की बायकोच्या मनगटाला स्वतः बाम चोळायचा.

एका रविवारी त्याच्या चष्म्याची दांडी निसटली. बारीक स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरातल्या खणात होता. त्याने बराच धीर धरला. मग वारा जाऊ नये म्हणून दार जेमतेम किलकिलं करून तो अंग चोरून आत शिरला.

शेगडी थंडगार होती. ओट्यावर पातेलं झाकून ठेवलेलं. दोघी खिडकीशी खुर्च्या टाकून, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. पातेल्याशेजारी एक फाडलेलं पाकीट होतं. मोडका चष्मा हाताने नाकावर धरून त्याने ते वाचलं. थंड दुधात घालून ढवळा, पाच मिनिटांत तयार. सवयीने त्याने ते उलटूनही वाचलं.

“हे कधीपासून?”

“पहिल्यापासून,” बायको म्हणाली.

“आणि ती मंद आच?”

“ते आईंनी सुचवलं.”

त्याने आईकडे पाहिलं. “तुझे बाबाही सारखे आत यायचे रे,” ती म्हणाली, “काय चाललंय म्हणून.”

सख्खी आईच फितूर निघाल्यावर माणसाने दाद कुणाकडे मागायची? तासभर दोघी मिळून माझ्याविषयी बोलता का, असं त्याने विचारलं. ‘हो’ ऐकायची त्याने मनाशी तयारीही केली होती.

“छे हो. नुसत्या बसतो.”

हे त्याला जास्त लागलं. चुगल्या केल्या असत्या, तर त्या खोलीत निदान त्याचा विषय तरी असता. मग त्याला बाम आठवला.

“मनगट तरी दुखायचं का?”

“नाही.”

“मग चोळून कशाला घ्यायचीस?”

“बरं वाटायचं.”

त्याने खणातून स्क्रूड्रायव्हर घेतला. जाताना दार ओढून घे, असं आईने सांगितलं. त्याने ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत बसून दांडी बसवता बसवता त्याने ठरवलं की प्रश्न पुडिंगचा नाही, तत्त्वाचा आहे, आणि यापुढे या घरात आपण त्या वाटीला शिवायचं नाही.

जेवणानंतर त्याने दोन वाट्या खाल्ल्या.