फळ्यावर नव्हतं म्हणून

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका चाळीच्या विहिरीजवळ दोन खांबांना ठोकलेला जुना फळा मी. माझ्या डाव्या अंगाला चीर गेली आहे आणि पावसाळ्यात मी फुगतो. तरी येताजाता कुणी ना कुणी माझ्यासमोर थांबतंच.

स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी इथे आलो. कल्याणच्या वखारीतल्या सागाच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवलं आणि कोळशाची पूड घोटून काळं केलं. चाळीचे चिटणीस उत्तमराव यांनी मला हार घातला आणि पहिली सूचना लिहिली : 'कोजागिरीस सर्वांनी यावे. दूध आपापले आणावे.' लोकांनी वळणदार अक्षराचं कौतुक केलं. मला वाटलं, ते माझंच.

माझ्याआधी हे काम ठमाबाई करायच्या. त्या इथल्याच मूळच्या, मिठागरावर राबलेल्या. मुलगी मालन कल्याणला दिलेली. त्या कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या राहत. हळदीकुंकू असो की सत्यनारायण, निरोप घेऊन त्या दारोदार फिरत. "कोन हाय गो घरान?" असं ओरडत थेट चुलीपर्यंत जात. कुणाची चूल पेटली नाही, कुणाचं पोर तापलं आहे, हे आधी त्यांना कळायचं, आणि तासाभरात साऱ्या चाळीला.

मी आलो तेव्हा उत्तमराव त्यांना हसून म्हणाले, "ठमाबाई, आता तुमच्या पायांना विश्रांती."

"माझ्या पायांना कय झालंय?" त्या म्हणाल्या. "आन् हार घालून उभा केलेला यो काला जावई कुनाच्या घरान जानार हाय?"

सगळे पोट धरून हसले. ठमाबाईही हसल्या.

पुढे चाळीत रीतच पडून गेली. बारसं, नळाची वेळ, कुणाची हरवलेली शेळी, कुणाचं तेरावं, सगळं माझ्यावर येऊ लागलं. फळ्यावर लिहिलं म्हणजे सांगितलं. फळ्यावर नाही ते घडलंच नाही. ठमाबाई दारात बसून राहू लागल्या. त्यांना कुणी टाकलं नव्हतं. फक्त त्यांच्याकडे जायचं कारण उरलं नव्हतं.

एका श्रावणात त्या विहिरीवर यायच्या थांबल्या. शकूवहिनी घागर बुडवता बुडवता म्हणाल्या, "अगं गोदे, ठमाबाई दिसल्या नाहीत ग बऱ्याच दिवसांत."

"लेकीकडे गेल्या असतील. बरं नसतं तर फळ्यावर आलं असतं की."

दोघींनी वळून मला वाचलं. माझ्यावर त्या दिवशी मंगळागौरीच्या खेळांची सूचना होती. घागरी डोक्यावर घेऊन त्या निघून गेल्या. कोपऱ्यातल्या खोलीतला खोकला मला ऐकू येत होता. नंतर तोही येईनासा झाला.

मग उत्तमरावांनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि मोठ्या, सुरेख अक्षरांत 'कै.' लावून ठमाबाईंचं नाव लिहिलं. सारी चाळ जमली. इतकी माणसं कोजागिरीलाही जमत नसत.

आई गेल्याचं कळून दुपारी मालन आली. माझ्यासमोर उभी राहून तिने आईचं नाव वाचलं.

"आई आजारी असल्याचा सांगावा मला कुणी का नाही धाडला?" तिने विचारलं.

"आम्हाला तरी कुठे ठाऊक, बाई," शकूवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "फळ्यावर नव्हतं ना."

मला वाटलं, मालन ओरडेल. ती वळून कोपऱ्यातल्या खोलीकडे गेली.

तेरावं झाल्यावर चाळीची सभा भरली. असं पुन्हा होता कामा नये, यावर एकमत झालं. माझ्या उजव्या अंगाला पांढऱ्या रंगाने एक चौकट आखली आणि वर लिहिलं : 'आजारी'. सगळे समाधानाने घरी गेले.

मित्रांनो, त्या चौकटीत आजवर एक अक्षर उमटलेलं नाही. तापाने फणफणलेला माणूस विहिरीपर्यंत येऊन खडू कसा हातात घेणार? गेल्या थंडीत म्हातारे पोपटराव तसेच गेले. लोकांनी आधी चौकट पाहिली. ती कोरी होती.

मला वाचून झालं की शेजारचं एक दार ठोठावा, आत जा, चूल पाहा. एवढंच मला सांगायचं आहे. पण ते माझ्यावर कुणी लिहीत नाही. आज लिहिलं आहे : 'उद्या सायंकाळी हळदीकुंकू.'