उपडा हंडा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा हंडा आहे. मला तीन पाय आहेत, दोन कान आहेत आणि बुडाला पितळेचा चकचकीत डाग आहे. त्या डागाची गोष्ट सांगायला मी अगदी उतावीळ झालो आहे!

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टॅनर्स बेंड गावात माझे आयुष्य गेले. गुलामीच्या काळात माझ्यात मालकाचे कपडे उकळत. काळ्या माणसांना एकत्र प्रार्थना करायची बंदी होती. मालकाची पाठ वळली की ती जमत आणि मला दाराशी उपडा ठेवत. उपडा हंडा आवाज गिळतो, अशी त्यांची श्रद्धा. मी किती गाणी गिळली म्हणून सांगू! पुढे गुलामी संपली, मी सुलटा झालो आणि माझ्यात चवळी शिजू लागली. कुणाचेही लग्न असो, पहिली हाक मला.

मग १९१९ साल आले. काळ्यांनी स्वतःच्या जमिनी घेतल्या, हे गोऱ्यांना खुपत होते. त्यांचा जमाव बंदुका घेऊन आला. एका आईने पाच वर्षांच्या व्हेल्माला माझ्याखाली लपवले आणि हवेसाठी काठाखाली दगड सरकवला. बाहेर तिचे वडील आयसम आणि आणखी पाच जण मारले गेले. व्हेल्मा रडत होती. मी तिचे रडणे जीव लावून गिळले. जे वाचले ते गाव सोडून गेले. मी मागे राहिलो.

एका गोऱ्या शेतकऱ्याने मला उचलून नेले, बुडाला भोक पाडले आणि माझ्यात फुलझाडे लावली. "काय सुरेख कुंडी!" असे सगळे म्हणत. कुणाची, हे कुणी विचारले नाही.

मागच्या वर्षी त्या परागंदा घरांची नातवंडे-पतवंडे गावात परत जमू लागली. मेलेल्यांची नावे, जुन्या वस्तू गोळा करू लागली. ते ऐकून त्या शेतकऱ्याची नात डोरीन मला घेऊन चर्चच्या अंगणात आली. समोर होती व्हेल्माची मुलगी आर्लीथा, वय अठ्ठ्याऐंशी. सगळे तिला मदर म्हणतात.

"आजोबांना हा सापडला होता," डोरीन म्हणाली.

"सापडला? मग हरवला कधी होता गं?"

डोरीनची मान खाली गेली. "चोरलाच म्हणायचा, मदर."

"हं, आता बोललीस. धर दुसरा कान. एकटीला पेलायचा नाही तो."

व्हेल्माने जन्मभर ती सहा नावे लेकीच्या कानात फक्त कुजबुजली होती. आता येत्या रविवारी आर्लीथाला ती मोकळ्या रानात मोठ्याने पुकारायची होती आणि मग माझ्यातली चवळी सगळ्यांना वाढायची होती. पण भोक?

चर्चचा कारभार पाहणारा डीकन क्लीओफस जुना वेल्डर. तो म्हणाला, "बीड आहे हे. घाईनं तापवलं तर तडकतं, घाईनं निववलं तरी तडकतं."

मला सावकाश तापवायला डोरीनने दिवसभर लाकडे वाहिली. भोकावर पितळ ओतून डाग दिल्यावर हळूहळू निवायला दोन दिवस मी राखेत पुरलेला होतो. तडकलो तर? माझा जीव टांगणीला! शेवटी माझ्यात पाणी ओतले. एक थेंब गळला नाही!

रविवारी तीनशे माणसे आली. क्लीओफसने मला मेजावर उपडा ठेवून बूड दाखवले. "बघा, बघा! असा डाग लागायला नशीब लागतं!"

आर्लीथा माझ्याशेजारी उभी राहिली. "आयसम प्रुइट..."

"मदर, ऐकू येत नाही!" मागून कुणी ओरडले.

तिने पुन्हा नाव घेतले. आवाज आणखीच बसला. "अगं बाई, मी कुजबुजतेय!" तिचे डोळे भरले. ती नावे मोठ्याने घेईन, असा शब्द तिने आईला दिला होता. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली.

"क्लीओफस! डीकन झालास, अक्कल कधी येणार रे? उपडा ठेवलास याला! शंभर वर्षं गिळलंय यानं, पुरे झालं!"

म्हाताऱ्या बाया आधी दचकल्या, मग खो-खो हसल्या. क्लीओफसने एक कान धरला, डोरीनने दुसरा. मी सुलटा झालो! आर्लीथाने माझा काठ घट्ट धरला, माझ्यात तोंड घातले आणि हाक मारली, "आयसम प्रुइट!"

मी घुमलो! तीनशे गळे घुमले! एकामागून एक सहाही नावे रानात गेली. मग जाळ पेटला, चवळी रटरटली आणि पहिली वाटी आर्लीथाने डोरीनच्या हातात दिली.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादे जुने भांडे असेल, तर ते कुणाचे होते ते विचारा. घासा, पुसा, तेलाचा हात फिरवा. मलाही तसेच जपा. फक्त मला उपडा ठेवू नका.